लाइट गेल्यावरचा सीन

बडोदा, दांडिया बाजारातल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर, मे महिना. लघुपटातला सगळ्यात अवघड सीन त्या दिवशी होता. नवराबायको जेवताहेत, तिला पुण्याला नोकरी लागलीय आणि ती एकटीच जाणार हे दोघांनाही ठाऊक आहे. संवाद पाच. बाकी शांतता. ध्वनिमुद्रण माझ्याकडे.

हेडफोन लावला तर पंख्याची घरघर, फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि खालून रावपुऱ्याकडे जाणाऱ्या रिक्षा. रिक्षा चालतील, त्या शहराच्याच आहेत. फ्रिज मात्र मनाला येईल तेव्हा सुरू होतो आणि बंद पडतो. नवऱ्याच्या क्लोजअपमध्ये गुणगुण आणि बायकोच्या क्लोजअपमध्ये नाही, असं झालं की जोडताना प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. भरपूर संवाद असले तर ते झाकलं जातं, इथे झाकायला काहीच नव्हतं.

प्लग काढला आणि माझ्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे परत सुरू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

"आजी, दूध बाहेर काढू का?"

"राहू दे रे, दार उघडू नका म्हणजे झालं."

पंख्याचं काय करायचं? वाइड शॉटमध्ये तो दिसत होता, तिचे केस उडत होते. क्लोजअपला बंद केला तर केस स्तब्ध. दिग्दर्शिका थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दादा, लाइट गेलीय असंच धरू या."

एका वाक्यात सीन जागेवर आला. आता बायको वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत होती, आणि सवयीनं नवऱ्यालाही घालत होती. बूम माइक, म्हणजे लांब काठीवरचा माइक, चौकटीच्या जेमतेम वर धरला. कॉलर माइक जोडीला होता, पण तिच्या खळ दिलेल्या सुती साडीची सळसळ त्यात येत होती, म्हणून भिस्त बूमवरच. संवादांची पातळी उणे १२ डीबीच्या आसपास ठेवली आणि शांततेत गेनला, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या बटणाला, हात लावला नाही. तिथे वाढवला की मागचा आवाज वर-खाली होतो, खोली धापा टाकायला लागते.

शेवटच्या शॉटला लाइट येते. एक जण पंख्याच्या बटणावर, एक फ्रिजच्या. पहिल्या टेकला पंखा उशिरा लागला. लगेच दुसरा घेतला, तर फ्रिजनं नुसतं 'टक्' केलं. कॉम्प्रेसर बंद केल्यावर आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला काही मिनिटं लागतात; त्याआधी चालू केला तर मोटर अडते आणि जास्त भार आला की वीज तोडणारा ओव्हरलोड स्विच तिला बंद करतो. दहा मिनिटं थांबलो. घामानं दोघांचेही कपडे अंगाला चिकटले होते, ते पुसू दिले नाहीत.

तिसरा टेक. फ्रिज हुंकारला, पंखा हळूहळू फिरायला लागला आणि तिचा वारा घालणारा हात त्याच्याकडे वळता वळता मध्येच थांबला. पटकथेत हे नव्हतं. तिनं घडी ताटाशेजारी ठेवली.

कटनंतर कोणी हललं नाही. तसंच सगळ्यांना उभं ठेवून जोडताना कटांखाली घालायला खोलीचा एकेक मिनिट आवाज घेतला, आधी पंखा-फ्रिज चालू ठेवून, मग दोन्ही बंद करून.