सनरूफमधला मोहोर

मे महिन्यात अकोल्यात गाडीच्या काचांना फिल्म लावायचं काम करायचं तर सकाळीच. दहा वाजले की काच इतकी तापते की तिच्यावर मारलेलं पाणी फिल्म सरकवायच्या आतच उडून जातं. म्हणून सरांना सहाला बोलावलं होतं. सर म्हणजे रिटायर शिक्षक. मुलाने हौसेने सनरूफची, म्हणजे छताला सरकती काच असलेली गाडी घेऊन दिली आणि यांच्या टकलावर ऊन यायला लागलं.

"एकदम काळीकुट्ट मार भाऊ. वर कोण पोलीस पाह्यते?"

२०१२ला सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा मी हेल्पर होतो. तेव्हा लावण्यापेक्षा खरवडून काढण्यातच नखं गेली. पण सरांना मी कायदा सांगितला नाही, काच दाखवली. सनरूफची काच कंपनीतूनच गडद येते. तिला आतून आणखी काळं चिकटवलं की सगळं ऊन ती पिऊन घेते. मधला भाग तापतो, रबराखालची कड त्या मानाने थंड राहते, आणि या ओढाताणीत काच तडकू शकते. सिरॅमिक फिल्म दिसायला साधी, पण उष्णता अडवते. "दिसत तं काहीच नाही, मग पैसे कायचे?" असं सर म्हणाले. हॅलोजनच्या दिव्यासमोर आधी नुसती काच धरली, मग फिल्म लावलेली. मागे हात ठेवायला सांगितला. गणित पटलं.

माझ्या हाताखालचा पोरगा टपावर पाइपने पाणी मारत होता. तेवढ्यात सर ओरडले, "अरे, आत पाणी येऊन राह्यलं!"

पुढच्या लाइटपाशी छताच्या कापडावर ओला डाग पसरत होता आणि ड्रायव्हरच्या पायाशी टपटप चालू होती. अजून आम्ही काचेला हातही लावला नव्हता, पण गिऱ्हाइकासमोर हे कसं सिद्ध करणार? सर एकच वाक्य धरून बसले: "घरून आणली तवा कोरडी होती." पोरगा रडकुंडीला आलेला.

सनरूफमध्ये थोडं पाणी शिरतंच. ते शिरेल हे धरूनच काचेभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांतून खाली उतरतात. काच मागे सरकवली, टॉर्च मारला. डावा कोपरा ठीक. उजव्या कोपऱ्यात चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा. चिमट्याने ओढला तर कडुनिंबाचा मोहोर, काड्या, माती.

"गाडी कुठं लावता सर?"

"अंगणात. निंबाखाली. सावली राह्यते ना."

नळीत हवा जोरात मारायची नसते. आत जोडावरून निसटली तर अख्खं छत उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी हळूहळू सरकवली. हातभर गेल्यावर अडली, फिरवली, आणि दाराच्या बिजागरीपाशी काळं पाणी भसकन खाली आलं. खरं सांगतो, फिल्म बसल्यापेक्षा जास्त आनंद तेव्हा झाला. छताचं कापड टॉवेलने नुसतं टिपलं, घासलं नाही.

या सगळ्यात साडेनऊ वाजले. शेडमध्ये गाडी घेतली, पंखा बंद केला, नाहीतर धूळ बसते. डोक्यावरच्या काचेचं काम म्हणजे शिक्षाच. बेबी शाम्पूचं पाणी काचेवर मारायचं, ते कोपरातून बगलेत येतं. फिल्मचा कागद सोलला की ती लोंबकळून केसांना चिकटायला बघते. एक कड पोरानं धरली, मी मधून बाहेर पाणी काढत गेलो. कडेच्या काळ्या ठिपक्यांवर फिल्म कधीच नीट चिकटत नाही, म्हणून तिथे आतच कापली. आठवडाभर सनरूफ उघडायचा नाही, असं बजावलं.

सर गप्प होते. मग हळूच म्हणाले, "अवकाळी पाऊस झाल्यापासून गाडीत कुबट वास येऊन राह्यला होता. मी एसीचं फिल्टर दोनदा बदललं. बायकोले म्हटलं, तूच बाटली सांडवली."

पोराच्या हातावर चहाला शंभर रुपये ठेवले. तो लगदा मी फेकायला निघालो तर म्हणाले, "राहू दे." वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून घेतली, आणि गाडी काढताना ती पुढे डॅशबोर्डवर ठेवली.