रोज अकराला जाणारा टीव्ही

"बॉक्स बदलला, एलएनबी दोनदा बदलली, तरी टीव्ही रोज अकराला जातो. अगदी घड्याळ लावल्यासारखा." गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून असा फोन आला. (एलएनबी म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरची, सिग्नल टिपणारी डबी.) डिश दुरुस्तीच्या कामात "चित्र फुटतं" हे रोजच कानावर पडतं, "घड्याळ लावल्यासारखं" हे क्वचित. तारीख होती १२ मार्च. अकराच्या आत पोचायचं आणि अकरा वाजून जाईपर्यंत एक नटही सैल करायचा नाही, एवढं ठरवून निघालो.

घर कौलारू, जांभ्या चिऱ्याचं, भोवती माड-पोफळी. डिश साध्या ६० सेंटीमीटरची, डीडी फ्री डिशची, पडवीच्या वाश्याला ठोकलेल्या पाइपावर. घरधनी निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नोंदी ठेवल्या होत्या. ९ तारखेला '११.१२, ३ मि.', १० ला '११.१०, ६ मि.', ११ ला '११.०९, ८ मि.'. शिवाय रोज 'सं. ५ नंतर तुटक', आणि दोन ठिकाणी 'पहाटे ६, काही चॅनल गेले'. मीटर पिशवीतून काढायच्या आधीच अर्धं निदान त्या कॅलेंडरवर होतं. तीन वेगळी दुखणी होती आणि आधी येऊन गेलेल्यांनी तिन्हींवर एकच औषध दिलं होतं: नवा बॉक्स, नवी एलएनबी.

पावणेदहाला बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा पडदा उघडला. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बहुतेक जण वरच्या पट्टीकडे बघून खूश होतात. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून येणारं सगळं मिळून, त्यात नुसती खरखरही आली. एलएनबीला वीज मिळत असेल तर डिश भिंतीकडे वळवली तरी ही पट्टी भरलेली दिसू शकते. कामाची ती क्वालिटी. इथे स्ट्रेंथ ८५, क्वालिटी ५८. हे आकडे प्रत्येक बॉक्सचे वेगळे असतात, त्यामुळे शेजारच्याच्या आकड्याशी तुलना करू नये. या बॉक्समध्ये ३० च्या खाली चित्राचे चौकोन होत होते.

पाइप हाताने हलवून पाहिला. वासा जुना, पाइप डुलत होता, पण क्वालिटी ५५ च्या खाली गेली नाही. ६० सेंटीमीटरच्या डिशचा झोत साधारण ३ अंश रुंद असतो. नेम १ अंश हुकला तर सव्वा डीबीच्या (डेसिबेल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) आसपास जातात. कोरड्या दिवशी ते चालून जातं, पावसात तेच महागात पडतं. म्हणजे संध्याकाळच्या वाऱ्यात चित्र तुटत होतं ते एकट्या पाइपामुळे नव्हे.

डिशसमोरच्या चिकूची एक जाड फांदी नुकतीच तोडलेली दिसली. "मागच्या माणसाने सांगितलं, आड येते म्हणून," गुरुजी म्हणाले. बिचाऱ्या चिकूचा काही दोष नव्हता. या डिश ऑफसेट असतात: तोंड जिकडे दिसतं तिकडे ती बघत नाही, त्याच्या साधारण २४ अंश वर बघते. फ्री डिश ज्यावर आहे तो जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. गुहागरहून तो उत्तरेपासून १२९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच येतो. डिशचा पत्रा मात्र ३५ अंशांवर रोखल्यासारखा वाटतो. पत्र्याच्या रोखाने फांद्या तोडत बसलात तर बाग जाते आणि टीव्ही तसाच राहतो.

अकरा वाजून आठ मिनिटांनी क्वालिटी घसरायला लागली. ५०, ४१, २९. चित्राचे चौकोन, मग निळा पडदा. पण स्ट्रेंथ ८५ वरून ८९ वर गेली. हीच खूण. एलएनबी मेली असती, केबल तुटली असती किंवा झाड आड आलं असतं तर स्ट्रेंथ वाढली नसती. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आला होता. सूर्य सगळ्या लहरींवर खरखर ओततो आणि त्या गोंगाटात ३६ हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल बुडतो. डिशजवळ जाऊन पाहिलं तर एलएनबीच्या पांढऱ्या टोपीवर पत्र्यावरून परतलेल्या उजेडाचा ठिपका पडलेला.

हे वर्षातून दोनदा होतं. आपल्या अक्षांशावर मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दर वेळी आठेक दिवस. मधल्या दिवशी ८-१० मिनिटं, दोन्ही टोकांना २-३. उपग्रह बदलला की वेळ बदलते. यावर इलाज नाही आणि गरजही नाही. गुरुजींच्या ३, ६, ८ या चढत्या आकड्यांत तेच लिहिलेलं होतं.

ती मिनिटं मात्र फुकट घालवायची नसतात. त्या क्षणी सूर्य जिथे असतो तिथेच उपग्रह, त्यामुळे अंगणात ज्या जागेवर स्वच्छ ऊन पडतं तिथून उपग्रह दिसतो आणि जिथे सावली तिथून नाही. याहून अचूक यंत्र माझ्या पिशवीत नाही. डिशच्या पत्र्यावर वरच्या कोपऱ्यात झावळीच्या टोकाची सावली लवलवत होती. वारा पडलेला होता तरी ती तिथवर येत होती. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटला की आख्खी झावळ आत-बाहेर करणार. संध्याकाळी पाचचं दुखणं सापडलं.

मग घाईघाईने अंगणभर फिरलो. मागच्या बाजूला न्हाणीघराचा सिमेंटचा स्लॅब होता, त्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सलग ऊन होतं, कडेच्या सावल्या दोन्हीकडून दोन-दोन हात लांब. खडूने फुली मारली. ११.१७ ला टीव्ही आपोआप परत आला.

गुरुजींनी विचारलं, "झावळच तोडली तर? पाडेली उद्या येणारच आहे." तोडता येते, पण माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळ फुटते, दर महिन्याला पाडेल्याला वर चढवणार का? एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे या उपग्रहासाठी झाड डिशपासून जितकं लांब, त्याच्या १.६६ पट उंची डिशच्या पातळीपासून चालते. तो माड ६ मीटरवर होता, म्हणजे १० मीटरपर्यंत ठीक. शेंडा ११ च्या वर गेलेला. डिश बसवली तेव्हा तो खाली असणार. माड वाढतो, हे बसवणाऱ्याने धरलेलं नसतं.

उरलं पहाटेचं. सगळे चॅनल न जाता काहीच जातात, तेही दवाच्या वेळी, तेव्हा मी आधी केबलवर संशय घेतो. एलएनबी वरून आलेल्या लहरीची कंपनसंख्या कमी करून ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये खाली पाठवते. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये ३० मीटरला १००० मेगाहर्ट्झवर ६ डीबी जातात, २१५० च्या जवळ ९. केबलमध्ये पाणी शिरलं की वरच्या टोकाचे चॅनल आधी मरतात. इथे केबल ४२ मीटर होती, मध्ये एक जोड, त्यावर नुसती इन्सुलेशन टेप. टेप सोडली तर आत हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं. बॉक्समधून १३ व्होल्ट निघत होते, एलएनबीच्या टोकाला ११.४ पोचत होते. समुद्रकाठी ही टेप दोन पावसाळेसुद्धा काढत नाही. आणि पाणी एकदा केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत शिरलं की केशनळीसारखं ओढलं जातं: जोडापासून दीड मीटरपर्यंत जाळी काळी पडली होती. त्यामुळे फक्त टोक कापून नवा कनेक्टर लावणं म्हणजे वरवरची मलमपट्टी.

डिश न्हाणीघरावर नेली. स्लॅबला १० मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट, पाइप ओळंब्याने चारी बाजूंनी सरळ. पाइप तिरका असला तर डिशवरची अंशांची पट्टी खोटं बोलते आणि मग आडवं फिरवलं की उभा नेमही बदलतो. फोनमधलं होकायंत्र लोखंडी पाइपाला चिकटवून बघायचं नाही, दोन मीटर लांब उभं राहून दिशा घ्यायची. आधी ५९ अंशांची उंची लावून नट अर्धवट कसले, मग आडवं फिरवलं, एका वेळी बोटभर. प्रत्येक हलवणीनंतर तीन-चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सचा आकडा मागून येतो. घाई करणारा नेमका उपग्रह ओलांडून पुढे जातो. कमाल सापडली की दोन्ही बाजूंना आकडा सारखाच पडेपर्यंत न्यायचं आणि बरोबर मध्ये आणायचं. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत जराजरा फिरवून बघितली, त्यात ४ वाढले. नट कसताना डिश सरकते, म्हणून कसून झाल्यावर पुन्हा आकडा पाहिला.

नवी केबल १९ मीटर, एकही जोड नाही. केबलच्या टोकाचे एफ-कनेक्टर दाबून बसणारे घेतले, पिळून बसवायचे नाहीत. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २-३ मिलिमीटर राहिली पाहिजे आणि जाळीचा एकही केस तिला लागता कामा नये, लागला तर बॉक्सचा पुरवठा शॉर्ट होतो. म्हणूनच जोडताना बॉक्सचा प्लग काढून ठेवायचा. एलएनबीजवळ केबलला खाली झोका दिला, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाला ठिबकतं, कनेक्टरात वाहत नाही. वरून स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर. क्वालिटी ७६.

दुपारी चहाला बसलो तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याचं म्हणणं, ही डिश काढूनच टाका, फायबर घ्या, सगळं मोबाइलसारखं टीव्हीवर दिसतं. विचार चुकीचा नाही. पण आधी मोजायला हवं. फोनवर मोबाइल नेटचा वेग पाहिला: पडवीत ६ एमबीपीएस, माजघरात टीव्हीजवळ १ च्या आत. दोन-दोन चिऱ्यांच्या भिंती ओलांडताना लहर थकते. एचडीला निदान ५ लागतात आणि तासाला ३ जीबीच्या आसपास डेटा जातो. साध्या दर्जाला तासाला पाऊण ते एक जीबी. इथे दिवसाला पाच तास टीव्ही चालतो, म्हणजे रोज दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक दुपारच्या बातम्यांपर्यंत संपणार. तेव्हा स्ट्रीमिंग हवं तर फायबरच, आणि राउटर टीव्हीच्याच खोलीत किंवा तिथवर लॅनची तार. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय या भिंतींपुढे अगदीच दुबळं, २.४ चं त्यातल्या त्यात बरं.

टीव्ही साधा एलईडी होता, पण मागे एचडीएमआय होतं, तेव्हा काठीसारखं स्ट्रीमिंग उपकरण चाललं असतं. प्रसार भारतीचं वेव्ज अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात. खासगी मराठी वाहिन्यांच्या मालिका मात्र त्यांच्या त्यांच्या अ‍ॅपवर, बऱ्याचदा पैसे भरून. चुकलेला भाग नंतर बघता येतो, हा स्ट्रीमिंगचा खरा फायदा. बाईंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, तेवढंच पटलं. थेट क्रिकेट अर्धा मिनिट मागे असतं, शेजारच्या घरातून आधी ओरडा ऐकू येतो, हे गुरुजींना अजिबात पटलं नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. वाडीत फायबर विजेच्या खांबांवरून येतं. जूनमध्ये एखादी फांदी पडली की ते तुटतं आणि जोडणारा माणूस येईपर्यंत बंद. मुसळधार पावसात डिशही जाते, पण सर ओसरली की दहा-वीस मिनिटांत स्वतःहून परत येते. आता डिशला महिन्याचं भाडं नाही, तेव्हा ती काढून मिळणार काय? फायबर घ्यायचं तर जोडीला घ्या, आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, नाहीतर दिवे गेले की टीव्हीबरोबर नेटही बंद. पावसात डिश कमी वेळा जावी असं वाटत असेल तर ९० सेंटीमीटरची बसवा, साडेतीन डीबी जास्त मिळतात. छपरावरचा जुना लांब दांड्यांचा अँटेना मात्र भंगारात द्यायला हरकत नाही. दूरदर्शनने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं बंद केली, तो आता फक्त कावळ्यांच्या उपयोगाचा. आणि वळवाच्या विजा चमकायला लागल्या की बॉक्सचा प्लग आणि केबल, दोन्ही काढून ठेवायचं. नुसता प्लग काढून भागत नाही, वीज केबलवरूनही येते.

पाच वाजता वारा सुटला. झावळी सळसळायला लागल्या, आकडा ७५-७६ वर बसून राहिला. गुरुजींनी कॅलेंडरवर तेही लिहिलं.

पिशवी आवरताना न्हाणीघराच्या आग्नेयेला चार मीटरवर एक पाणी घातलेलं आळं दिसलं. त्यात माडाचं रोप, बरोबर रेषेत. चार मीटरवर साडेसहा मीटरची मुभा, म्हणजे अजून काही वर्षं आहेत. गुरुजी आळ्याकडे बघत म्हणाले, "पावसाळ्याच्या तोंडाला दोन हात उत्तरेला सरकवतो." मी म्हटलं, दोन हात पुरणार नाहीत, बरंच लांब सरकवा, झावळ सोळा-सतरा फूट पसरते.