त्सुरुहाशीतली याकिनिकूची संध्याकाळ

आज ऑफिसवाल्यांबरोबर ओसाकात त्सुरुहाशीला याकिनिकू (जाळीवर भाजलेलं मांस) खायला गेलो. स्टेशनवर उतरलं की वासच सांगतो कुठे वळायचं ते. हा कोरियन वस्तीचा जुना भाग, आणि याकिनिकू जपानात आज घराघरात पोचलंय त्याचं मोठं श्रेय युद्धानंतर इथे हॉटेलं काढून बसलेल्या कोरियन लोकांना आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

टेबलाच्या मधोमध कोळशाची शेगडी, अंगात कागदी एप्रन, आणि मांस कच्चंच समोर येतं, भाजायचं आपणच! आधी मीठ लावलेली गाईची जीभ मागवतात, पातळ काप, लिंबू पिळून खायचे, मग सॉसमध्ये मुरवलेलं कारुबी (बरगडीचं मांस), कारण सॉस आधी भाजला की जाळी करपते आणि पुढच्या सगळ्याला कडवट चव लागते. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा आणि खायच्या काड्या वेगळ्या, हे मात्र सगळ्यांनी कटाक्षाने पाळलं.

मला सगळ्यात आवडलं ते आमचे सिनियर साहेब, एरवी मीटिंगमध्ये कमी बोलणारे, पण इथे सगळ्यांच्या वाटणीचं भाजत बसले होते, एकेक तुकडा नेमका उलटून आधी ज्युनियर मुलांच्या ताटलीत. तिथे काम करणाऱ्या काकूही न सांगता जाळी बदलून जायच्या, खरंच किती लक्ष असतं यांचं!!

ओसाकाला येणार असाल तर इथे जेवाच, फक्त चांगलं जॅकेट घालून येऊ नका, धुराचा वास दोन दिवस जात नाही.