टाकी कोरडीठाक

चाकणच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. शिफ्टचा रिपोर्ट धड लिहिता यावा म्हणून दिवसभर राबून ही मंडळी वर्गाला येतात. मागच्या पावसाळ्यात मेंटेनन्समधल्या एका काकांनी वही पुढे केली. शेवटची ओळ होती, ‘द टँक इज स्लाइटली ड्राय.’ मी ‘ड्राय’वर काट मारून ‘वेट’ लिहिलं.

“मॅडम, थोडी ओली काय नि थोडी कोरडी काय, एकच की.”

अशा वेळी ‘इंग्रजीत असं म्हणत नाहीत’ एवढंच सांगून मी पुढे जायचे. त्या दिवशी तसं जाववेना. मी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टेबलावर सोडला.

“टेबल ओलं झालं?”

“झालं.”

“आणि कोरडं आहे का?”

“कसं असेल?”

एका थेंबानं वस्तू ‘वेट’ होते, पण ‘ड्राय’ व्हायला शेवटचा थेंबही जावा लागतो. म्हणून ‘स्लाइटली’ हा शब्द ‘वेट’ला शोभतो आणि ‘कम्प्लीटली’ हा ‘ड्राय’ला. ‘टॉल’चं तसं नाही. उंची वर कुठे संपते? गाठायला टोकच नाही, म्हणून ‘व्हेरी टॉल’ म्हणायचं, ‘कम्प्लीटली टॉल’ नाही. (केक ‘स्लाइटली ड्राय’ झाला असं इंग्रज खुशाल म्हणतो, कारण केकमध्ये कोरडेपणा हाच दोष, आणि दोष थोडासुद्धा असू शकतो.) ख्रिस्तोफर केनेडी आणि लुईझ मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात हेच मांडलंय: विशेषणाच्या मोजपट्टीला टोक आहे की नाही, यावर कोणता शब्द जुळेल ते ठरतं. तो लेख मी वाचलेला होता, पण वर्गात कधी आणला नव्हता, याची आता हळहळ वाटते.

काका थेंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कोरडीठाक. आपण उंचठाक कुठं म्हणतो?”

मी खडू खाली ठेवला. कोरडीठाक, काठोकाठ भरलेली! टोकाला पोचल्याचं सांगणारे शब्द आपल्या तोंडात रोज असतात, आणि मी ‘कम्प्लीटली’चा अर्थ फळ्यावर नुसता ‘पूर्णपणे’ असा लिहीत आले होते.

पुढचं त्यांनीच वर्गाला सांगितलं. टाकीत सॉल्व्हंट होतं, दुसऱ्या दिवशी आत वेल्डिंग होतं. तळाशी जरा ओल राहिली तरी वाफ धरते, मग एक ठिणगी पुरते. “तिथं थोडी कोरडी चालत नाही. नि थोडी सेफ पण नाही.” ‘सेफ’ आणि ‘डेंजरस’ ही जोडीही तशीच चालते, हे मी सांगायच्या आत ते बोलून गेले होते.

वही ओढून त्यांनी ओळ नव्यानं लिहिली, अक्षर दाबून: ‘द टँक इज स्टिल स्लाइटली वेट. नॉट सेफ फॉर वेल्डिंग.’