स्थलांतरित कामगारांची एचआयव्ही चाचणी: माझा अनुभव

स्थलांतरित कामगारांच्या वस्त्यांमध्ये एचआयव्ही चाचणीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा खरी अडचण माहितीच्या अभावाची आहे असे मी गृहीत धरले होते. म्हणून पहिल्या शिबिरासाठी आम्ही चार भाषांत पत्रके छापली, तंबू उभारला, फलक लावला आणि दिवसभर बसून राहिलो. आलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. ठळक अक्षरांत 'एचआयव्ही चाचणी' असे लिहिलेल्या तंबूत सोबतच्या कामगारांदेखत कोण शिरणार, हा प्रश्न फलक रंगवताना आम्हाला पडला नाही, याची मला आजही लाज वाटते. शिवाय वेळ ऐन कामाची होती आणि चाचणीला येणे म्हणजे मजुरी बुडवणे होते.

पुढचे काही आठवडे मी फक्त ऐकून घेतले. रक्त दिले तर नाव मालकापर्यंत जाईल, निकाल वाईट आला तर काम जाईल आणि कागदपत्रे अपुरी असतील तर परत पाठवले जाईल, अशी भीती बहुतेकांच्या बोलण्यात होती. जागतिक आरोग्य संघटना संमती, गोपनीयता, समुपदेशन, अचूक निकाल आणि उपचारांशी जोडणी या पाच गोष्टी चाचणीसाठी आवश्यक मानते. त्या आमच्या कागदांवरही होत्या. परंतु नोंदवहीत पूर्ण नाव, मूळ गाव आणि मालकाचे नाव असे रकाने असताना आमच्या गोपनीयतेच्या शब्दावर कोणी विश्वास का ठेवावा? ते रकाने काढून आम्ही सांकेतिक क्रमांक सुरू केले आणि निकालानंतर संपर्क कसा साधायचा, हे ज्याचे त्याला ठरवू दिले.

दुभाष्याच्या बाबतीत मी आणखी एक चूक केली. त्याच वस्तीतला, सर्वांच्या ओळखीचा माणूस मला सोयीचा वाटला होता. पण नेमक्या त्या ओळखीमुळेच लैंगिक संबंधांविषयी त्याच्यासमोर कोणी तोंड उघडेना. भाषा तीच, पण वस्ती दुसरी, असा दुभाष्या आल्यावर संभाषण सुरू झाले.

शिबिरे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होऊ लागली. रक्तदाब आणि साखर तपासताना त्याच पडद्याआड प्रत्येकाला एचआयव्ही चाचणीविषयी विचारले जाई, त्यामुळे आत कोण कशासाठी गेला हे बाहेर कळत नसे. साखरेसाठी बोट टोचतोच आहोत, तर न विचारता हीही चाचणी उरकावी, अशी एक सूचना आली होती; ती मी साफ नाकारली. ज्यांना आमच्यासमोर बसायचेच नव्हते, त्यांना आम्ही स्वचाचणीचे किट दिले, ज्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये केली आहे. किटवर दोन रेघा उमटल्या म्हणजे निदान झाले असे नाही, त्यानंतर केंद्रात खात्रीच्या चाचण्या कराव्याच लागतात, हे लोकांना लवकर समजले. विंडो पीरियड, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, समजावणे मात्र फार जड गेले. नुकताच संसर्ग झालेला असेल तर प्रतिपिंड शोधणाऱ्या जलद चाचणीत तो दिसायला 3 महिन्यांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे आजचा निगेटिव्ह निकाल कालपरवाच्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही, हे मला दरवेळी नव्याने मांडावे लागे.

याच सुमारास निकाल पॉझिटिव्ह आलेला एक तरुण आठवड्याभरात दुसऱ्या कामावर निघणार होता. नुसती चिठ्ठी देऊन भागणार नाही हे ओळखून मी त्याच्यासोबत उपचार केंद्रात गेलो. सीडी4 पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची, संख्या कितीही असली तरी उपचार सुरू करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 2015 पासून असल्यामुळे तिथे थांबावे लागले नाही. आम्ही आग्रह धरला तो 3 महिन्यांच्या गोळ्यांचा आणि पुढच्या केंद्रासाठीच्या बदलीपत्राचा. परत येऊन मासिक अहवाल भरायला बसलो, तर त्यात किती चाचण्या झाल्या एवढेच विचारलेले होते. मी हाताने दोन रकाने वाढवले: उपचार सुरू झाले का आणि पुढच्या ठिकाणी ते चालू आहेत का. दुसऱ्या रकान्यातल्या अनेक जागा अजून कोऱ्या आहेत, कारण दिलेले फोन क्रमांक बंद झालेले असतात.