दवाखाना सोडून दिल्लीला कशाला जाता?

"डॉक्टर, पेशंट सोडून दिल्लीला कशाला जाता?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, केमिस्टच्या काउंटरवर विचारून झालंय, माझ्याच ओपीडीत विचारून झालंय. पाठोपाठ दुसरा येतोच: "आणि एवढं जाऊन मिळालं काय?" आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंतच आहे, तर आता एकदाचं सांगून टाकते: मजुरांच्या लहान मुलांसाठी पाळणाघरं हवीत, हे तिथल्या सरकारी बैठकांत सांगायला जाते.

पद्मश्रीवर डोळा नाही. निवडणुकीला उभं राहायचं नाही. आणि हो, तिथल्या सभागृहातली बिस्किटं आपल्याकडच्यासारखीच असतात.

कारण आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रातच आहे. तीव्र कुपोषित मूल तिथे साधारण दोन आठवडे राहतं. आधी एफ-७५ हे उपचाराचं खास दूध, मग त्याहून ताकदीचं एफ-१००, मग घरचं अन्न. आई सोबत राहते, तिला बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसे मिळतात. वजनकाटा रोज वर सरकतो. सगळे खूश. मूल घरी जातं आणि काही आठवड्यांनी तेच मूल, तेच हाडं दिसणारे खांदे, पुन्हा दारात. नातेवाईक म्हणतात औषध लागू पडलं नाही. औषध छान लागू पडलं होतं. वॉर्डात त्या आईला एकच काम होतं, पोराला दर दोन-तीन तासांनी भरवायचं. घरी गेल्यावर ते काम करायला कुणी उरत नाही. भरवणारं ते माणूस दवाखाना देऊ शकत नाही. ते बजेटमधून येतं.

तीन वर्षांखालच्या मुलाला सरकार काय देतं? घरपोच आहाराचं पाकीट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिन्यांपुढच्या मुलासाठी ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली होती, आणि २०१७ साली त्यासाठी मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरले. पैसे कमी आहेत, त्यावरही भांडतेच. पण ते दुप्पट केले तरी पाकीट स्वतः उठून पोराच्या तोंडात जात नाही. गरम जेवण आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, आणि अंगणवाडी दुपारी बंद होते. आई येते अंधार पडल्यावर.

आता दिल्लीतल्या एका बैठकीबद्दल. कुठल्या खात्याची, ते सांगत नाही.

विषय होता स्थलांतरित मजुरांची लहान मुलं. मी हट्टाने एका ऊसतोड कामगार बाईला सोबत नेलं. म्हटलं, माझ्या तक्त्यांपेक्षा तिचं ऐका. बोलायला तिला पाच मिनिटं दिली होती, आधीची भाषणं लांबल्यामुळे दोन उरली. साहेब माणूस वाईट नव्हता, त्यानेच तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. विचारलं, मुलाला दिवसातून किती वेळा भरवता? मी मराठीत सांगितलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "भरवायला म्या हाय कुठं तिथं? पहाटंच फडात जातो आमी. पोरगी भरवती. आठ वर्साची हाय. ती बी पोरच की." मी शब्दन् शब्द हिंदीत सांगितला. साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, पोचलं.

यथावकाश इतिवृत्त आलं. त्यात तिचं म्हणणं एका ओळीत होतं. मराठीत सांगायचं तर: स्थलांतरित मातांमध्ये बालकांच्या आहाराविषयी जाणीवजागृतीचा अभाव असल्याचे निदर्शनास आले. पुढे शिफारस, प्रचारसाहित्य वाढवावे.

मी ती ओळ किती वेळ बघत बसले असेन. तिला माहीत नव्हतं असं तिने एकदाही म्हटलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं. ती तिथे नव्हती, एवढंच तिने सांगितलं होतं. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं, इतिवृत्त अंतिम झालेलं आहे. फोन केला, तर सांगितलं की पुढच्या बैठकीत मुद्दा मांडा. दरम्यान तिचा प्रवासखर्च अडकलेला, कारण फॉर्मला रद्द केलेला चेक जोडायचा होता आणि बँकेने तिला चेकबुकच दिलेलं नव्हतं. माझे पैसे मात्र वेळेवर जमा झाले.

हे सगळं तिला सांगितलं. ती हसली. "मंजी मलाच शानी करायचं ठरलं व्हय?" मला हसता आलं नाही.

पाळणाघर ही काही मी शोधून काढलेली कल्पना नव्हे. १९६९ साली राजघाटाजवळ गांधी शताब्दीचं बांधकाम चाललेलं असताना मीरा महादेवन यांनी तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी ते सुरू केलं. मनरेगाच्या कायद्यात होतंच की, कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायचं काम द्यायचं, तेही मजुरी देऊन. सरकारी पाळणाघर योजनेतली पाळणाघरं एकेकाळी वीस हजारांवर होती, ती काही वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास आली. २०१७ मध्ये नोकरदार बाईची बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, चांगलंच झालं, पण ऊस तोडणारीला रजा देणार कोण? मुकादम? उचल आधीच घेतलेली असते.

२०२२ पासून 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलंय. यात आमचा वाटा किती? कदाचित शून्य. आम्ही घसा कोरडा केला नसता तरी झालं असतं, असंही असेल. आणि फडावर, कोप्यांच्या रांगेत, ते कधी पोचणार हे वेगळंच.

रेसिडेन्सी संपवून आलेली मी आज भेटली तर भांडेल. म्हणेल, तू त्या सभागृहात होतीस तेव्हा वॉर्डात एक पोर दाखल झालं आणि तुझ्या जागी ज्युनिअर होता. खरं आहे. मी तिला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दाखवेन: २०१९-२१ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के. एवढी मुलं कुठल्या वॉर्डात बसवणार? ती म्हणेल, मग त्या एकाचं काय? यापुढे आमचा वाद सरकत नाही, आणि कोण बरोबर हे मला रात्री एक आणि सकाळी दुसरं वाटतं.

पुढची बैठक ठरते आहे. त्या ऊसतोड बाईला पुन्हा न्यावं की नाही, यावर घरात वाद आहे. नवरा म्हणतो, तिला पुरावा म्हणून वापरणं बंद कर. मी म्हणते, ती नसली तर पुन्हा माझेच तक्ते. तिला विचारलं, तर म्हणाली, "येते की, पर हंगाम संपल्यावरची तारीख घ्या. आन् मजुरी आधी द्या." ते मी पत्रात जसंच्या तसं घातलंय.