दिंडोरीच्या सेंद्रिय द्राक्षबागेत

मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने कसारा घाट चढून इगतपुरी गाठली की हवेतला दमटपणा ओसरू लागतो आणि नाशिकची हवा द्राक्षाला का मानवते, याचा पहिला अंदाज तिथेच येतो. फेब्रुवारीत, तोडणीच्या ऐन हंगामात, नाशिकला मुक्काम करून मी उजाडण्यापूर्वी दिंडोरी तालुक्यातील एका कुटुंबाच्या, वाइनसाठी द्राक्षे पिकवणाऱ्या सेंद्रिय बागेत पोहोचलो. थंडीत तोडलेली द्राक्षे टाकीत जाईपर्यंत गार राहतात आणि त्यांचा सुगंध टिकतो, म्हणून तोडणी पहाटेच सुरू होते. काका, काकू, त्यांचा मुलगा आणि सून असे चौघेही मजुरांबरोबर ओळींमध्ये उभे होते.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असा अनेक मुंबईकरांचा समज असतो. तो खरा नाही. रासायनिक कीटकनाशके, तणनाशके आणि कृत्रिम खते इथे वर्ज्य असली, तरी भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांपैकी भुरीसाठी गंधक आणि डाऊनीसाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) व चुना यांचे बोर्डो मिश्रण मर्यादेत चालते. मात्र तांबे जमिनीत विघटन न होता साचत जाते. म्हणूनच युरोपीय महासंघाने त्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो अशी घातली आहे. काकूंच्या मते या हिशेबाची खरी परीक्षा ऑक्टोबरात होते.

युरोपातील वेल हिवाळ्यात झोपतो, आपला झोपत नाही. त्यामुळे इथे एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घडांसाठी गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून वर्षाला एकच पीक घेतात. गोडी छाटणीनंतर फुटलेली कोवळी पालवी परतीच्या पावसात सापडली, तर डाऊनी बघता बघता घडापर्यंत जाते, आणि सेंद्रिय बागायतदाराच्या हाती पानात भिनून रोग थोपवणारे आंतरप्रवाही बुरशीनाशक नसते. हे कुटुंब म्हणून पाऊस पुरता ओसरेपर्यंत छाटणी लांबवते. त्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते: पीक मार्चच्या उन्हात सापडते, साखर झपाट्याने चढते, आम्लता घसरते आणि वाइन बोथट होण्याचा धोका असतो. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातील शेनिन ब्लांक हे वाण उष्णतेतही आपली आम्लता बऱ्यापैकी राखते, म्हणून त्यांनी बागेचा मोठा भाग त्याला दिला आहे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला, कारण बाजारात अधिक नाव असलेली वाणे लावण्याचा मोह त्यांनी टाळला होता.

वायनरी लहान आहे. शेनिनचा रस सालीपासून वेगळा करून स्टीलच्या टाकीत सुमारे 15 अंशांवर सावकाश आंबवतात. शिराझ हे लाल वाइनचे वाण मात्र सालीसकट आंबते आणि वर तरंगणारा सालींचा थर मुलगा दिवसातून अनेकदा रसात दाबतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट ते बाहेरून घालत नाहीत, द्राक्षांबरोबर आलेल्या यीस्टवरच विसंबतात. ही जोखीम मोठी आहे, कारण आंबवण अर्ध्यावर थांबले तर अख्खी टाकी वाया जाऊ शकते. म्हणून सून रोज साखर आणि तापमान वहीत नोंदवते. वाइन टिकवण्यासाठी घालायचे सल्फाइटही ते बेताने वापरतात. युरोपच्या 2012 पासूनच्या सेंद्रिय वाइन नियमांत कोरड्या लाल वाइनला लिटरमागे 100 मिलिग्रॅम आणि पांढरीला 150 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. सल्फाइट अजिबात नसलेली वाइन आमच्या मुंबईच्या उकाड्यात, दुकानाच्या फळीवर किती दिवस तग धरेल, असे सुनेने मला विचारले आणि तिचे म्हणणे मला पटले.

चव घेताना शेनिनमध्ये पेरूचा वास आणि स्वच्छ आंबटपणा होता. शिराझ अजून तुरट होती आणि काकांनीही ती विक्रीला काढण्याची घाई नसल्याचे सांगितले. शेजारच्या भावकीच्या एका तुकड्यात त्यांनी नुकतेच सेंद्रिय रूपांतरण सुरू केले आहे. प्रमाणपत्रासाठी बहुवार्षिक पिकाला तीन वर्षे थांबावे लागते. या काळात उत्पन्न घटले तरी त्या द्राक्षांना सेंद्रिय म्हणून भाव मिळत नाही, आणि त्यासाठी भावकीला राजी करणे हेच आपले सर्वांत अवघड काम होते, असे काका म्हणाले.